आम्ही 'ळ'ला 'य' म्हणतो, तुम्ही 'ल' लिहू नका

माझं गाव देवळी. वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या तासात येतं. माझी आजी गावाला 'देवयी' म्हणायची. माझ्या एका दाखल्यावर 'देवली' असं छापलेलं आहे. आणि पुण्यात आठ वर्षं काढल्यामुळे मी स्वतः आता 'देवळी' म्हणतो, तेही नीट, जीभ टाळूकडे वळवून.

एका गावाची ही तीन नावं. त्यातली दोन बरोबर आहेत आणि एक चूक. पण आपल्याकडे बहुतेकांना चूक कोणती ते उलटंच वाटतं. म्हणून हा लेख.

आधी दाखल्याचं सांगतो. एका कार्यालयात अर्ज केला होता. मी फॉर्मवर स्वच्छ अक्षरात 'देवळी' लिहिलं होतं. हातात आलेल्या कागदावर 'देवली'. खिडकीवरच्या माणसाला दाखवलं तर तो म्हणाला, "एकच आहे ना भाऊ, समजतं सगळ्यांना." मी म्हटलं, एक नाही, दुरुस्त करून द्या. तो म्हणाला, नवीन अर्ज करा, नवीन फी भरा. मागे रांग होती. मी कागद घेऊन बाहेर पडलो.

संध्याकाळी ही गोष्ट पुण्यातल्या एका मित्राला फोनवर सांगितली. चांगला मित्र आहे, वाचणारा आहे, मराठीच्या बाजूने तावातावाने बोलणारा आहे. तो हसून म्हणाला, "अरे, पण तुम्ही लोक तरी कुठे 'ळ' म्हणता? तुमच्याकडे तर 'डोया' आणि 'काया'. तुला काय फरक पडतो?"

त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. 'डोया' या शब्दाशी माझं जुनं दुखणं आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी हॉस्टेलवर मी एकदा म्हणालो होतो, "डोयात कचरा गेला." खोलीतले चौघे इतके हसले की पुढे वर्षभर माझं नावच 'डोया' पडलं. मी रात्री पांघरुणात तोंड घालून 'डोळा, डोळा, काळा, फळा' असा सराव केला आहे. अठरा वर्षांच्या मुलाने आपल्या आजीची भाषा तोंडातून पुसून काढण्यासाठी केलेला सराव होता तो. आज आठवलं की हसू येत नाही.

पण मित्राचा प्रश्न खरा होता. ज्यांच्या तोंडात 'ळ' नाही, त्यांनी कागदावरच्या 'ळ'साठी का भांडावं? गेले काही महिने मी याच प्रश्नामागे लागलो आहे, आणि आता माझ्याकडे उत्तर आहे.

आधी हे अक्षर काय आहे ते पाहू

'ळ'ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. वर्णमालेत त्याला 'ह'च्या नंतर, अगदी शेवटाकडे बसवलं आहे. त्यामुळे ते उपरं, नंतर आलेलं अक्षर वाटतं. पण ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत 'ईळे' हे क्रियापद आहे, म्हणजे 'ळ' तिथेच भेटतो. पुढच्या संस्कृतात त्या जागी 'ड' आला.

मराठीतला 'ळ' मात्र मुख्यतः दुसऱ्या वाटेने आला. संस्कृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटा 'ल' असला, की मराठीत त्याचा 'ळ' झाला. 'फल'चं फळ झालं, 'काल'चा काळ झाला. पण जिथे प्राकृतात 'ल्ल' असं जोडाक्षर होतं, तिथे मराठीत 'ल' राहिला. 'फुल्ल'चं फूल झालं, 'तैल'चं 'तेल्ल' आणि मग तेल झालं. आपण गेलेल्या दिवसाला 'काल' म्हणतो तो 'कल्य' या शब्दापासून आला, प्राकृतात 'कल्ल' होऊन. म्हणून मराठीत 'काल' वेगळा आणि 'काळ' वेगळा.

म्हणजे कुठे 'ल' आणि कुठे 'ळ' हे कोणी लहरीने ठरवलेलं नाही. वेल आणि वेळ, गाल आणि गाळ, माल आणि माळ, चाल आणि चाळ, मूल आणि मूळ, या प्रत्येक जोडीत दोन वेगळे शब्द आहेत. 'ल' आणि 'ळ' एक केले की मराठीतल्या कितीतरी जोड्या एकमेकांवर कोसळतात.

हे फक्त मराठीचं वेड आहे असंही नाही. गुजरातीत 'ळ' आहे, राजस्थानीत आहे, ओडियात आहे. दक्षिणेच्या चारही मोठ्या भाषांत आहे. पंजाबीत आहे आणि गुरुमुखीत त्यासाठी 'ल'खाली टिंब देतात. दिल्लीच्या वेशीवरच्या हरियाणवीतही आहे. वर्धा स्टेशनावरून मुंबई, हावडा, चेन्नई, दिल्ली अशा चारही दिशांना गाड्या जातात. यातल्या बहुतेक वाटांवर कुठे ना कुठे 'ळ' भेटतोच. प्रमाण हिंदीत तो नाही, एवढंच.

आता आमच्या 'य'कडे वळू

माझा चुलतभाऊ शेती करतो. त्याचं एक वाक्य घ्या: "पोयाच्या दिवशी सकायी बैल धुतले." हेच वाक्य प्रमाण मराठीत, "पोळ्याच्या दिवशी सकाळी बैल धुतले."

नीट बघा. 'पोळा'चा 'पोया' झाला, 'सकाळी'चं 'सकायी' झालं. पण 'बैल'चं 'बैय' झालं नाही. 'धुतले'चं 'धुतये' झालं नाही. म्हणजे कुठला 'ल' आणि कुठला 'ळ' हे माझ्या चुलतभावाच्या जिभेला पक्कं ठाऊक आहे. 'काल'ला तो कालच म्हणतो, 'काळा'ला 'काया' म्हणतो. 'वेल'ला वेल, 'वेळ'ला 'वेय'. दहावी न झालेल्या माणसाच्या तोंडातही ही सीमा सहसा चुकत नाही.

वऱ्हाडी बोलीने 'ळ' टाकून दिलेला नाही. त्याचा उच्चार बदलला आणि जागा राखून ठेवली. खानदेशातही असाच 'य' होतो. इकडे पूर्वेला, झाडीपट्टीत गेलात तर त्याच जागी 'र' ऐकू येतो. उच्चार तीन आहेत, पण 'ल'मध्ये मिसळून जायचं नाही हा नियम तिघांनीही पाळला आहे.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमचा 'य'ही काही शब्द एकत्र करतो. गळ्यातली 'माळ' आणि जन्म देणारी 'माय' आमच्याकडे एकसारखीच ऐकू येते. विहिरीतला 'गाळ' आणि गोठ्यातली 'गाय' यांचंही तेच. पण 'गाय काढला' म्हटलं की गाळ आणि 'गाय सोडली' म्हटलं की जनावर, हे व्याकरणच सांगून जातं. 'माय तुटली' म्हटल्यावर कोणी रडायला बसत नाही. थोडा गोंधळ आहे, तो आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हसत-खेळत सांभाळला आहे. शिवाय लिहिताना आम्ही 'माळ' आणि 'गाळ'च लिहितो, त्यामुळे कागदावर गोंधळ उरत नाही.

मुद्दा नेमका इथेच आहे. लिहिलेला 'ळ' आमच्या बोलीच्या आड येत नाही, उलट तिला आधार देतो. पाटीवर 'देवळी' असेल तर पुण्याचा माणूस 'देवळी' वाचेल, माझी आजी 'देवयी' वाचेल, आणि दोघंही बरोबर असतील. पाटीवर 'देवली' आलं, की ते वाचून कोणीही 'देवयी'पर्यंत पोहोचणार नाही, कारण आमच्या जिभेवर 'ल'चा 'य' कधी होतच नाही. आज जे मूल 'देवली' वाचायला शिकेल ते 'देवली'च म्हणेल. त्याच्या तोंडून आजीचा 'य' आणि पुण्याचा 'ळ' दोन्ही एका झटक्यात जातील.

मित्रा, हा फरक पडतो.

सेवाग्रामचा मंत्र

हे मला नीट समजलं ते एका परक्या अक्षरामुळे. आमच्या जिल्ह्यातल्या शाळांची सहल सेवाग्रामला जातेच. आश्रमाच्या प्रार्थनेत सुरुवातीला एक मंत्र असतो, 'नामु म्यो हो रेंगे क्यो'. लहानपणी आम्हाला वाटायचं, ही काहीतरी गंमत आहे. सहलीहून परतताना बसमध्ये आम्ही तो ओरडत यायचो.

तो मंत्र जपानी बौद्धांचा. निचिदात्सु फुजी, ज्यांना वर्ध्यात फुजी गुरुजी म्हणतात, ते १९३३ साली वर्ध्यात गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथाचे भिक्खू इथे राहिले, डफासारखं वाद्य वाजवत हा मंत्र म्हणू लागले. पुढे महायुद्धात जपान उतरल्यावर आश्रमातल्या जपानी भिक्खूला इंग्रज सरकारने नेलं. तो गेला तरी गांधीजींनी त्याचा मंत्र प्रार्थनेत ठेवला.

मंत्राचा अर्थ आहे 'सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमस्कार'. हे सूत्र संस्कृतातलं. कुमारजीवाने इसवी सन ४०६ मध्ये त्याचं चिनी भाषांतर केलं. 'सद्धर्म'मधल्या 'सद्'साठी त्याने एक चिनी अक्षर निवडलं. तेच हे 'म्यो'.

हे एकच अक्षर दोन भागांचं आहे. डावीकडे 'स्त्री'ची खूण, उजवीकडे 'थोडं' या अर्थाची. अर्थ होतो सूक्ष्म, अद्भुत, सुंदर, शब्दात न मावणारं. चीनमध्ये आजही एखादी युक्ती झकास जमली की याच अक्षराने तिची तारीफ करतात. जपानमध्ये मात्र रोजच्या बोलण्यात ते 'काहीतरी विचित्र, चमत्कारिक' अशा अर्थानेही वापरतात. बीजिंगचा माणूस ते 'म्याओ' वाचतो, हाँगकाँगचा 'मिउ', जपानी 'म्यो', आणि व्हिएतनामात तर उच्चार ओळखूही येणार नाही इतका वेगळा. अक्षर एक, तोंडं चार. त्यात कोणाचा उच्चार 'अशुद्ध' म्हणून कोणी अक्षर बदलायला सांगत नाही.

त्या मंत्रातला 'नामु' म्हणजे आपला 'नमः'. तो लिहायला चिनी लोकांनी नुसत्या आवाजासाठी दोन अक्षरं घेतली. त्यातल्या एकाचा अर्थ 'दक्षिण', दुसऱ्याचा 'नाही'. 'नमः' इथून निघाला, चीनमध्ये 'दक्षिण' आणि 'नाही' होऊन बसला, जपानला गेला आणि 'नामु' होऊन वर्ध्याला परत आला. आश्रमात तो कोणी दुरुस्त केला नाही.

"पण आपली लिपी तर उच्चाराप्रमाणे आहे!"

हा आक्षेप येणारच. चिनी अक्षर अर्थ सांगतं, देवनागरी अक्षर आवाज सांगतं. मग 'देवयी' म्हणत असाल तर 'देवयी' लिहा, 'देवळी' कशाला?

उत्तर सोपं आहे. देवनागरी उच्चाराप्रमाणे आहे हे आपण शाळेत पाठ करतो, पण तसं वागत नाही. 'ऋषी' लिहून आपण 'रुशी' म्हणतो. 'ष' आणि 'श' यांतला फरक बोलताना किती पुणेकर पाळतात ते कान देऊन ऐका. आणि 'ज्ञ'? मराठी माणूस 'द्न्यान' म्हणतो, हिंदी माणूस 'ग्यान' म्हणतो, गुजराती 'ग्नान' म्हणतो. तिघंही लिहितात 'ज्ञान'च. 'ज्ञ' हे आपल्या घरातलं चिनी अक्षरच झालं म्हणा ना. एक खूण, प्रत्येकाचा आपापला उच्चार.

मग 'ष'ला 'श' म्हणणारा शुद्ध, आणि 'ळ'ला 'य' म्हणणारा गावंढळ, हा न्याय कुठला? दोघांनीही तेच केलं आहे. जुनं अक्षर ठेवलं, उच्चार बदलला. फरक इतकाच की एकाचं घर पुण्यात आहे आणि दुसऱ्याचं देवळीत. हॉस्टेलच्या त्या खोलीत कोणी 'रुशी' म्हणालं तर एकही हसला नसता.

हिंदीशी भांडण नाही

वर्ध्याचा माणूस हिंदीचा द्वेष करेल कसा? राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ मध्ये इथेच उभी राहिली. हिंदी विश्वविद्यालय इथेच आहे. माझ्या आजोबांच्या पेटीत समितीची जुनी पुस्तकं होती. त्यांत 'इ', 'ई', 'उ' नाहीत. त्याऐवजी 'अि', 'अी', 'अु' असं छापलेलं आहे. काका कालेलकरांसारख्या माणसांनी देवनागरी सोपी व्हावी म्हणून केलेला तो प्रयोग होता. एकाच 'अ'ला सगळ्या मात्रा लावायच्या. विनोबांनीही पवनारहून लोकनागरी मांडली.

हे प्रयोग टिकले नाहीत. मला ते वाचताना आजही ठेच लागते. पण त्या लोकांनी अक्षर बदलायचं तर आधी कारण सांगितलं, चर्चा केली, स्वतःची पुस्तकं त्या अक्षरांत छापून दाखवली, लोकांना हो किंवा नाही म्हणायची संधी दिली. 'देवळी'चं 'देवली' करायचं कोणत्या समितीने ठरवलं? कोणीच नाही. केंद्रीय हिंदी निदेशालयाच्या परिवर्धित देवनागरीतही 'ळ'ला जागा आहे. म्हणजे हिंदीने 'ळ' नाकारलेला नाही. तो आळसाने गळतो आहे.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. हिंदी भाषक माणूस 'देवली' बोलला तर माझी तक्रार नाही. त्याच्या जिभेवर 'ळ'चा 'ल' होतो, माझ्या आजीच्या जिभेवर 'य' व्हायचा. दोघांनाही सारखीच मोकळीक पाहिजे. पण लिहिताना त्याने 'ळ' लिहावा. बोलणं ज्याचं त्याचं, गावाचं नाव मात्र गावाचं.

आणि आपण, फोनवाले?

गळती फक्त सरकारी खिडकीवर नाही, ती तुमच्या-माझ्या अंगठ्याखाली आहे. फोनमध्ये प्रत्येक अक्षराला युनिकोडचा क्रमांक असतो. 'ल'चा आहे ०९३२, 'ळ'चा ०९३३. अगदी शेजारी. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर दोघं एकाच बटणावर राहतात, 'ळ'साठी फक्त शिफ्ट दाबावं लागतं. म्हणजे यंत्रात जागा नाही ही सबब खोटी आहे. त्या खिडकीवरच्या माणसाला एक बटण जास्त दाबायचं होतं.

पण आपण मराठी रोमन अक्षरांत लिहितो तेव्हा काय करतो? तिथे 'ल'ही एल आणि 'ळ'ही एल. 'काल'ही तसाच, 'काळ'ही तसाच. मग तेच रोमन स्पेलिंग फोन देवनागरीत करून देतो, आणि आपण न बघता पाठवतो. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या जिल्ह्याची शान आहे ती. ती 'वायगावची हलद' म्हणून फिरते तेव्हा दर वेळी दोष दिल्लीचा नसतो. केळझरचं 'केलझर' करणारा अनेकदा केळझरचाच पोरगा असतो.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या मुद्द्यावर महाराष्ट्र पेटला, सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. मीही त्या बाजूने होतो. पण त्या दिवसांत 'मराठी वाचवा' म्हणणाऱ्या एका ग्रुपवर विदर्भातल्या एका मुलीने 'ळ'च्या जागी 'य' लिहिलं. खाली चाळीस हसण्याचे इमोजी पडले. ती मुलगी पुन्हा त्या ग्रुपवर बोलली नाही.

ज्या मराठीला वाचवायचं आहे तिच्यात ती मुलगी आहे की नाही, हे आधी ठरवा. ती नसेल तर वाचवणार आहात ते फक्त तुमच्या गल्लीचं बोलणं आहे, त्याला मराठी म्हणू नका.

माझ्या मागण्या दोनच आहेत. पहिली, कागदावर, पाटीवर, फोनवर, नकाशावर 'ळ'च्या जागी 'ळ' लिहा. आपलं आडनाव, आपलं गाव चुकीचं छापून आलं तर रांगेतून बाहेर पडू नका. मी पडलो, ती चूक होती. पुढच्या आठवड्यात मी त्याच खिडकीवर पुन्हा जाणार आहे. दुसरी, कोणी 'डोया' म्हणालं तर हसू नका. त्याच्या त्या 'य'मध्ये तुमचा 'ळ'च आहे, 'ल'मध्ये न मिसळता राखून ठेवलेला.

परवा चुलतभावाचा फोन आला होता. म्हणाला, "पोयाले येतं का बे? बैलाचा साज नवा घेतला." मी म्हटलं, पाहतो. रात्री त्याचा मेसेज आला, सगळ्या भावंडांना पाठवलेला. त्यात लिहिलं होतं, 'सर्वांनी पोळ्याला यावे.'

त्याला कोणीही शिकवलं नव्हतं. त्याने 'ळ' लिहिला, आणि मी तो वाचला 'पोया'.